दाजींनी बंद केलेला व्हॉल्व्ह

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, हे स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश असलेले गृहस्थ. निम्मं आयुष्य त्यांनी गालिचे विकले. पन्नाशीत जुन्या टपाल कचेरीची इमारत घेतली आणि तिचं हॉटेल करायला काढलं. लाकडी जिने, लाकडी छत, पत्रं निवडायच्या दालनात जेवणाची टेबलं. पाहुणे इमारत बघायला यायचे. दाजींना वाटायचं, आपल्यालाच बघायला येतात.

खोलीखोलीत स्प्रिंकलर बसवा, तरच परवाना, असं अग्निशमन खात्याने सांगितलं तेव्हा दाजींच्या अंगाचा तिळपापड झाला.

"एवढ्या जुन्या छताला भोकं पाडू? गच्चीवर टाकी, खाली पंप, वर महिनाभर खोल्या बंद! इतकी वर्षं जळली नाही ती इमारत, आता काय माझी वाट बघत होती?"

"दाजी, इतकी वर्षं इथे पत्रं झोपायची. आता माणसं झोपणार," मी म्हटलं.

ते नुसते हसले. मेहुण्याचं ऐकायचं नाही, हा त्यांचा बाणा.

पुढे कळलं की स्प्रिंकलर बसवले की लाकडी जिने पाडून सिमेंटचे करावे लागणार नाहीत. शिवाय विम्याचा हप्ता कमी होणार. लगेच दाजी स्प्रिंकलरचे भक्त झाले. येणाऱ्याजाणाऱ्याला मान वर करायला लावायचे. "ती लाल काचेची कुपी दिसते? गरम झाली की फुटते. पाणी आपोआप! माणसाने नुसतं उभं राहायचं." ताई शेजारी उभी राहून ऐकायची. नवऱ्याचं सगळं खरं मानायची तिला खोडच होती.

मग एका पाहुण्याने ओला कोट हँगरसकट स्प्रिंकलरला टांगला. कुपी फुटली, नळीतलं काळं पाणी खोलीभर झालं आणि दाजींनी जातीने निवडलेला गालिचा भिजून चिंब. बसवणाऱ्याने आधीच बजावलं होतं, जिथे आग तिथलीच कुपी फुटते, तेव्हा घाबरू नका. फक्त 'इथे कपडे टांगू नका' अशी पाटी लावा. पाटीने शोभा जाते म्हणून दाजींनी ती लावली नव्हती. आता तरी लावावी? छे! या शहाण्याने नवी कुपी बसवून सगळ्या स्प्रिंकलरना पाणी सोडणारा मुख्य व्हॉल्व्हच बंद केला आणि त्याला कुलूप घातलं. आग लागली की धावत जाऊन उघडू, असा बेत. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, ताईलाही नाही. आम्हाला सगळं होऊन गेल्यावर कळलं.

चादरींच्या खोलीत इस्त्रीची वायर पेटली, त्या दुपारी दाजी न्हाव्याकडे मिशा काळ्या करून घेत होते. ताई आत एकटी होती. दार जवळच होतं, उघडं होतं. पण ती पळाली नाही. पेटत्या चादरी झोडपत, वर बघत, पाण्याची वाट पाहत राहिली. कुपी वेळेवर फुटली. नळीत उरलेलं ओंजळभर पाणी पडलं, आणि तेवढंच.

स्वयंपाक्याने तिला ओढून बाहेर काढलं. मग बंब आला आणि आग विझली. ताईचे दोन्ही हात भाजले होते.

दाजी दवाखान्यात आले ते अर्ध्या काळ्या मिशा घेऊन. खाटेशेजारी बसले आणि म्हणाले, "ती एक खोली गेली, बाकी काही नाही गं. गालिचे तर सगळे कोरडे आहेत."

"अहो, तुमच्या शब्दावर उभी राहिले मी तिथे," ताई म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नाही. "आता त्या गालिच्यांशीच संसार करा."

मला त्या माणसाची अजून चीड येते. व्हॉल्व्ह आता उघडा असतो, खोलीखोलीत पाट्या लागल्यात, आणि स्प्रिंकलरचे फायदे दाजी पुन्हा सगळ्यांना ऐकवतात. ताई दवाखान्यातून सरळ माझ्याकडे आली. तिची बोटं वळत नाहीत. वेणी माझी बायको घालते.