वॉर्डातला कंडक्टर

ठाण्याच्या खोपटचे उत्तमकाका एसटीतून रिटायर झाले, पण त्यांच्या अंगातला कंडक्टर काही रिटायर झाला नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी 'जरा आत सरका' म्हणत दोन माणसं जास्तीची बसवायचे. बायको मालन म्हणायची, तुम्हाला देवळात नेलं तरी आधी रांग लावाल, मग हात जोडाल.

मालन गेल्या वर्षी गेली. ठाण्यातल्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डात होती. तिथल्या सुमेधा सिस्टर रोज सकाळी तिचे केस विंचरून वेणी घालून द्यायच्या. आजाराने केस मूठभरच उरलेले, तरी मालन वेणी चाचपून बघायची आणि खूश व्हायची. ते दिवस काकांच्या मनातून जात नव्हते. मालन गेल्यावर घर खायला उठलं, आणि एके दिवशी पाय आपोआप हॉस्पिटलकडे वळले.

बायकांच्या वॉर्डात आता त्यांचं कोण होतं? म्हणून ते पुरुषांच्या वॉर्डात शिरले. तिथे रुचिता सिस्टर एकटी. जोडीची सिस्टर सोडून गेलेली आणि तिच्या जागी कुणी आलेलं नव्हतं. वॉर्ड मात्र गच्च भरलेला. काकांनी कुणाला पाणी दे, कुणाच्या नातेवाइकाला हाक मार, संपत आलेल्या सलाईनवर नजर ठेव असं सुरू केलं. भरलेल्या गाडीत कोण उलटी करणार हे चेहऱ्यावरून ओळखणारा माणूस तो, त्याला वॉर्ड काय जड? रुचिता धावता धावता म्हणायची, "काका, जरा लक्ष ठेवा हं." त्या एका वाक्यावर काकांचा दिवस निघायचा. खोटं कशाला बोला, मालननंतर त्यांची गरज असलेली तेवढीच एक जागा होती.

ट्रस्टच्या साहेबांच्या कानावर हे गेलं आणि साहेब भलतेच खूश झाले. प्रत्येक वॉर्डात असे 'रुग्णमित्र' नेमायचे, फुकट सेवा, हॉस्पिटलचं नाव होईल आणि सिस्टर भरायचीही घाई नाही! शनिवारी हॉलमध्ये कार्यक्रम ठरला, काकांना शाल आणि छातीला लावायचा बिल्ला. काकांनी पांढरा शर्ट आठवड्याभर आधीच इस्त्री करून ठेवला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. कोलशेतचे आबा खिडकीजवळच्या खाटेवर होते, साखरेचा जुना आजार. रात्रभर तळमळलेले. दुपारी रुचिताने त्यांना जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं आणि एवढ्यात दारातून अपघाताचा पेशंट आत आला. ती तिकडे धावली. आबांचा डोळा लागला. काकांना इतकं बरं वाटलं! त्यांनी आबांच्या अंगावर चादर सारखी केली, शेजारच्यांना हळू बोला म्हणून दटावलं. जेवणाचं ताट घेऊन वॉर्डातल्या मावशी आल्या, तर काकांनी ओठांवर बोट ठेवून त्यांनाही परत पाठवलं. झोप मोडू नका म्हणाले, नंतर जेवतील.

बऱ्याच वेळाने रुचिता परत आली. पंख्याखाली झोपलेल्या आबांच्या कपाळावर घाम होता. तिने हाक मारली, हलवलं. आबा ओ देईनात. तिने बोट टोचून साखर तपासली. इन्सुलिनवर जेवण न झाल्याने ती पार खाली गेली होती. मग सुई काय, ग्लुकोज काय, डॉक्टरांना हाक काय, काका भिंतीला टेकून नुसते बघत राहिले. ते इतका वेळ झोपेची राखण करत नव्हते, बेशुद्धीची करत होते.

थोड्या वेळाने आबांनी डोळे उघडले. इकडे तिकडे बघून म्हणाले, "जेवान नाय आला का आज?" सगळा वॉर्ड हसला. काका बाहेर जिन्यात जाऊन रडले. रुचिता त्यांच्या मागे आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, चूक तुमची नाही. तिथे मी असायला हवी होते."

शनिवारी हॉल भरला. साहेबांनी काकांचं तोंड भरून कौतुक केलं आणि शाल उघडली. काकांनी हात जोडून ती थांबवली आणि माइक घेतला.

"गाडीला गर्दी झाली की मी एखाद्या प्रवाशाला सांगायचो, बाबा, तेवढी घंटी मार. चालून जायचं. म्हणून कुणी प्रवाशाच्या हातात स्टेअरिंग नाही दिलं. परवा मी आबांचं ताट परत पाठवलं. माणूस मरत होता आणि मी त्याला पांघरूण घालत होतो. मला शाल नको साहेब. वॉर्डात सिस्टर द्या."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. साहेब कसनुसे हसले. बिल्ला खोक्यातच राहिला. काका घरी आले तेव्हा हलकं वाटत होतं, पण सोमवारी सकाळी कुठे जायचं ते कळत नव्हतं.

चार दिवस त्यांनी कळ काढली. मग राहवेना, म्हणून आबांना भेटायला म्हणून गेले. बघतात तर वॉर्डात खरंच दुसरी सिस्टर! आबा बसून जेवत होते आणि रुचिता बऱ्याच दिवसांनी चालत होती, धावत नव्हती. काकांचा ऊर भरून आला. म्हातारपणी आपल्या शब्दाला किंमत आली म्हणायची.

तेवढ्यात दुसरी सिस्टर वळली. सुमेधा. तिने काकांना ओळखलं, मालनची आठवण काढली. काकांनी विचारलं, मग तिकडे बायकांच्या वॉर्डात आता कोण?

"एकच राहिली आहे, काका," ती म्हणाली. "मला तिकडून इकडे आणलं."

काका घरी गेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून परत आले आणि जिना चढून साहेबांच्या केबिनपाशी उभे राहिले. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, वेळ लागेल.

काका बाकावर बसले आणि हातातली पिशवी मांडीवर घेतली.

"लागू दे," ते म्हणाले. "खाली बायकांच्या वेण्या घालायच्या राहिल्यात."