गडावरची घंटा

आम्ही कुडपणचे, महाडपासून लांब डोंगरातल्या गावचे. लहानपणी एकदा वडील मला आणि दादाला एसटीनं रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला घेऊन गेले, गड दाखवायला. मला आदल्या दिवसापासून आनंदानं घास उतरत नव्हता. पाचाडला आजही एक पद्धत आहे. चढायच्या आधी एखाद्या घरात भाकऱ्या सांगून ठेवायच्या आणि उतरून आलं की गरम गरम जेवायचं. वडिलांनी भाकऱ्या सांगितल्या आणि त्याच दमात त्या घरच्या बाईला म्हणाले, "पोरीला इथं ठेवतो. तिचं काय काम वर?" दादा माझ्याकडे न बघता त्यांच्या मागे गेला.

पुढे कितीतरी वर्षं मी गड दादाच्या तोंडून ऐकला. वरच्या बाजारपेठेत माणसाएवढी घंटा आहे, ती वाजली की पूर्वी दुकानं उघडायची, आणि ती त्यानं वाजवली. मी रडवेली झाले की तो तोंडानं घंटेचा आवाज काढायचा.

मी मोठी झाले. गावची नाचणी, वरी पाटीतून महाडला आणून विकायला लागले. आज बाजारात माझा गाळा आहे. घासाघीस करण्यात मला कुणी हरवत नाही आणि माझ्या तोंडी लागायला कुणी धजत नाही. गड इथून फार लांब नाही. तरी गेले नाही. ज्यांनी मला खाली ठेवलं त्यांनीच वर न्यावं, असं धरून बसले होते. वडील वारले. दादानं कधी विषय काढला नाही. शेवटी गेल्या हिवाळ्यात गाळा बंद ठेवून एकटीच निघाले.

पाचाडला एका खानावळीत भाकरी-पिठलं सांगितलं. सवयीनं भाव पाडून घेतला. खानावळवाली हसून म्हणाली, यायला दुपार कलेल, आलात की टाकते. रोपवेनं जायचं नव्हतं. दादा पायी गेला होता, मग मीही पायीच जाणार.

चढताना धाप लागली, पाय भरून आले. एका वळणावर वाटलं पोचले, तर वर आणखी तेवढाच गड. वर पोचल्यावर सिंहासनाच्या जागी लोक हात जोडून उभे होते. मीही जोडले, पण माझं मन घंटेवर. बाजारपेठेत गेले. दोन्हीकडे दुकानांचे उंच ओटे, मधून रुंद रस्ता. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले. गड दाखवणाऱ्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "इथं कुठली घंटा, ताई?" मी त्याच्यावर उखडले. माहिती नाही तर पैसे कशाचे घेता, म्हटलं. त्यानं आपल्या जोडीदाराला बोलावलं. तोही हसला.

लहानपणापासून जे बघायचं होतं ते समोर होतं आणि मी नसलेली वस्तू शोधत फिरत होते. आनंद झाला की नाही, तेही कळेना. कुणीतरी घंटा काढून नेली असेल, अशी मनाची समजूत घालत उतरले.

खाली आले तेव्हा उन्हं कलली होती. खानावळवालीनं परात पुढे ओढली आणि पीठ मळायला घेतलं.

त्या दिवशीही असंच पीठ परातीत होतं. त्या घरच्या बाईनं मला एक गोळा थापायला दिला होता. माझी वेडीवाकडी भाकरी अजून तव्यावर पडली नव्हती, तोच वडील आणि दादा दारात उभे राहिले. ती बाई म्हणाली होती, एवढ्यात आलात? वडील म्हणाले होते, भूक लागली. आणि आज मला जाऊन यायला अख्खा दिवस लागला होता.

मी तिथूनच दादाला फोन लावला. तो गावी असतो. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"दादा, तुम्ही वर गेलाच नव्हता."

त्यानं कोंबड्यांना हुसकलं. मग म्हणाला, "नाय."

त्यानं सांगितलं, थोडं चढल्यावर वडील खालीच बसले होते. श्वास पुरेना, ओठ काळे पडले. बरं वाटल्यावर दादाला म्हणाले, आईला कळता कामा नये, आपण वर जाऊन आलो असंच सांगायचं.

"मग घंटा?"

"तू रोज विचारायचीस वर काय हाय. शाळेची घंटा आठवली, तीच मोठी केली."

"आणि बाबा गेल्यावर तरी सांगायचंस ना?"

"तुला? तू बोलू देतेस व्हय कुणाला?"

भांडण माझ्या जिभेवर तयार होतं, पण भांडायचं कुणाशी? वडील नव्हते. दादानं तर काही बघितलंच नव्हतं. पण मला तिथं ठेवून गेले होते, ते तर खरंच होतं. आपल्याला झेपणार नाही हे वडिलांना आधीच ठाऊक होतं म्हणून, की मी मुलगी म्हणून? दादाला विचारलं. तो म्हणाला, "ते मला काय ठावं."

खानावळवालीनं भाकरी वाढली. मी फोन ठेवणार होते. तेवढ्यात दादा म्हणाला, "घंटा नाय, तर मग काय हाय गो तिथं?"

"ओटे हायत. उंच. घोड्यावरच्या गिऱ्हाइकाला खाली उतरायला नको, असे."

"आणि?"

मी ताट बाजूला सारलं आणि पुढचं आठवून सांगू लागले. आवाज मात्र भांडणाचाच निघत होता.