अडतिसाव्या दिवशीची सिगारेट

काच कापणाऱ्याला रेघ एकदाच ओढायची मुभा असते. पट्टी लावायची, कटर टेकवायचा, श्वास धरायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जायचं. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा कटर फिरवला की काच वाकडी फुटलीच म्हणून समजा. भाऊला हे काम बरोबर जमायचं. दुकानात नऊ वर्षं झाली होती त्याला. मोठा आरसा कापायचा असला की म्हातारे मिस्त्रीसुद्धा बाजूला सरकून म्हणायचे, "भाऊला बोलवा."

आणि मोठ्या कामाआधी भाऊ मागच्या दाराशी जाऊन दोन झुरके मारून यायचा. हात स्थिर होतो, म्हणायचा. हात कसला स्थिर होतोय डोंबलाचा! सवय हो, दुसरं काय. पण त्या सवयीमागे एक कारण होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

भाऊ जन्मला तेव्हा घरच्यांनी त्याला मुलगी म्हणून जवळ घेतलं आणि पुढे पंचवीस वर्षं मुलगी म्हणूनच वागवलं. आपण मुलगा आहोत हे त्याला कळत्या वयापासून ठाऊक होतं, पण सांगणार कुणाला? शेवटी घर सोडलं, केस कापले, छाती दाबून धरणारी घट्ट बनियन शर्टाखाली घातली आणि या दुकानात कामाला लागला. पुरुष त्याच्याशी बोलायला बिचकायचे. हिशेबाच्या टेबलावरच्या बायका जरा सरकूनच बसायच्या. जेवणाच्या सुट्टीत बसायचं कुठे, हाच रोजचा प्रश्न. पंधरा दिवस त्याने उभ्या उभ्या डबा खाल्ला. मग एके दुपारी मागच्या दाराशी खोक्यांवर बसलेल्या हमालाने त्याला हाक मारली. या हमालाला सगळे पैलवान म्हणत, अंगावर मूठभर मांस नव्हतं म्हणूनच. "उन्हात काय उभा राहिलास? ये, मार एक झुरका." भाऊला खोकून खोकून ठसका लागला, सगळे पोट धरून हसले, आणि त्या दिवसापासून खोक्यांवर त्याची जागा ठरून गेली. आता तुम्हीच सांगा, अशी सिगारेट कोण सोडेल?

सोडायला सांगितली ती सर्जनबाईंनी. चार वर्षं इंजेक्शनं झाली होती, आवाज फुटला होता, हनुवटीवर विरळ का होईना दाढी आली होती. राहिली होती ती छाती सपाट करायची शस्त्रक्रिया. त्या बनियनने फासळ्या दुखायच्या, काच उचलताना श्वास पुरायचा नाही, उन्हाळ्यात कातडी सोलून निघायची. सरकारी दवाखान्याच्या यादीत तीन वर्षं नाव पडून होतं. तारीख मिळाली तेव्हा भाऊ दवाखान्याच्या जिन्यातच मटकन खाली बसला. आनंदाने.

बाई मोजकं बोलायच्या. म्हणाल्या, "छातीवरचे ते दोन छोटे तुकडे, स्तनाग्रांचे, आम्ही काढतो आणि नव्या जागी परत लावतो. तिथलं रक्त त्यांना आपलंसं करतं, मग ते जगतात. तुम्ही सिगारेट ओढलीत की बारीक रक्तवाहिन्या आखडतात. तुकडा काळा पडतो आणि गळून जातो. सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर, एक झुरकासुद्धा नको. तीन दिवस आधी लघवी तपासणार. चुकलात तर मला सांगा, पण लपवून टेबलावर येऊ नका." भाऊने गळ्याला हात लावून शपथ घेतली. बाई म्हणाल्या, "शपथ नको, लघवी पुरे."

बेचाळीस दिवस. पहिला आठवडा कसा काढला ते त्यालाच ठाऊक. चिडचिड इतकी, की पैलवानाने नमस्कार केला तरी हा अंगावर जायचा. खिशात वेलदोडे ठेवायचा, शेंगदाणे ठेवायचा. दहाव्या दिवशी हात थरथरला आणि पुरुषभर उंचीचा आरसा मधोमध गेला. मिस्त्री झाडू आणून स्वतः काचा गोळा करायला लागले. दुसऱ्या दिवसापासून सगळी मंडळी सिगारेट ओढायला गल्लीच्या पलीकडच्या टोकाला जायला लागली. भाऊ खोक्यांवर एकटाच शेंगदाणे खात बसायचा आणि पलीकडून पैलवान ओरडून विचारायचा, "आज कितवा?" तोही ओरडून आकडा सांगायचा. पस्तीस, छत्तीस, सदतीस.

अडतिसावा दिवस रविवार होता. दुसऱ्या दिवशी लघवी द्यायची होती, गुरुवारी शस्त्रक्रिया. भाऊ खोलीत कपडे घडी करत होता. तीन मजले चढून कुणीतरी धापा टाकत आलं आणि दाराशी उभं राहिलं. बाबा होते.

नऊ वर्षं बाबा त्याच्याशी बोलले नव्हते. आई गेली तेव्हाही भाऊ स्मशानात लांब उभा होता आणि बाबांनी मान वर केली नव्हती. घरची खबरबात मोठ्या भावाकडून, दादाकडून कळायची, तीसुद्धा फोनवर आणि घाईघाईत. दादानेच सांगितलं असणार, गुरुवारचं.

बाबा खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. खोलीभर नजर फिरवली, फळीवरच्या दाढीच्या सामानाशी जरा थांबले. "भाडं किती?" म्हणाले. मग, "पाणी येतं का वरपर्यंत?" आणि मग त्यांनी खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, उघडलं आणि टेबलावरून भाऊकडे सरकवलं.

इथे जरा थांबून सांगायला हवं. त्या घरात बापापुढे कुणी धूर काढायचा नाही, असा शिरस्ता होता. पण एकदा, फक्त एकदा, मुलगा पहिला पगार घेऊन आला की बाप आपलं पाकीट त्याच्यापुढे सरकवायचा. आजोबांनी बाबांपुढे सरकवलं होतं, बॉयलरवरची नोकरी लागली तेव्हा. बाबांनी दादापुढे सरकवलं, तेव्हा भाऊ स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. दोघं बापलेक न बोलता धूर सोडत बसले होते, एकमेकांकडे बघतही नव्हते, आणि त्या क्षणाला भाऊने आयुष्यात कुणाचा केला नसेल इतका दादाचा हेवा केला. तीन वर्षांनी त्याने स्वतःचा पहिला पगार आणून दिला. बाबांनी डोक्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाले, हिच्यासाठी कानातलं काहीतरी बघ.

आता ते पाकीट त्याच्यापुढे होतं. म्हाताऱ्याचा हात अजून त्याच्यावरच होता.

भाऊला सांगता आलं असतं. बाबा, डॉक्टरांनी मना केलंय. इतकंच तर वाक्य. पण नको म्हटलं तर हा हात मागे जाईल, पाकीट खिशात जाईल, आणि हे पुन्हा होईल याची खात्री कोण देणार? बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. तीन मजले चढून आले होते. तीन वर्षांची वाट, अडतीस दिवस, गुरुवार, सगळं एका बाजूला दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला तो हात. भाऊने सिगारेट घेतली.

बाबांनीच काडी ओढली. "कधीपासून ओढतोस?" त्यांनी विचारलं.

"नऊ वर्षं झाली."

"बरी नाही सवय," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत स्वतःची पेटवली. दोघं न बोलता बसले. भाऊने शेवटपर्यंत ओढली. खोटं कशाला सांगू, इतकी गोड सिगारेट त्याने कधी ओढली नव्हती, आणि प्रत्येक झुरक्याला गुरुवार लांब जात होता.

सोमवारी सकाळी पैलवान दवाखान्यापर्यंत सोबत आला. हकीकत ऐकून तो म्हणाला, "माझी देऊ का बाटलीत?" मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. "माझ्यात तर नुसता धूरच निघायचा." भाऊला हसू आलं नाही. त्याने बाटली तशीच रिकामी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि सांगून टाकलं. एक ओढली, काल दुपारी.

बाई चष्मा काढून त्याच्याकडे बघत राहिल्या. "अडतीस दिवस निभावलंत. मग का?"

"वडिलांनी दिली."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "एका सिगारेटने कदाचित काही होणारही नाही. पण कदाचितवर मी कुणाच्या अंगाला हात लावत नाही. यादीत तुमच्यामागे माणसं उभी आहेत. चार महिन्यांनी या." आणि त्यांनी गुरुवारच्या रकान्यात दुसऱ्या कुणाचं तरी नाव घातलं. बाहेरच्या बाकावर भाऊ लहान मुलासारखा रडला. पैलवान शेजारी बसून नुसता त्याची पाठ थोपटत होता. त्याने दिवसभर खिशातलं पाकीट बाहेर काढलं नाही.

दादाला भाऊने सांगितलं, डॉक्टरांनी पुढे ढकललंय. पण वहिनी दातांच्या दवाखान्यात कामाला, तिला असल्या गोष्टी पाठ. जेवताना तिने विचारलं, भाऊजींनी सिगारेट तर नाही ना ओढली? आणि बाबांचा घास हातातच राहिला.

दोन दिवसांनी बाबा थेट दुकानाच्या मागच्या दाराशी आले. सगळ्यांदेखत त्यांनी भाऊला फैलावर घेतलं. "तोंड नव्हतं तुला? एक शब्द बोलायला काय झालं होतं? मी काय ज्योतिषी आहे?"

"बोललो असतो तर तुम्ही परत ठेवली असती."

"ठेवली असतीच! मग?"

"मग परत कधी दिली असती?"

मिस्त्रींनी स्टूल पुढे केलं, त्यावर बाबा बसले, आणि कितीतरी वेळ हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. जाताना इतकंच म्हणाले, "ऑपरेशन झाल्यावर कोण बघणार तुला?" भाऊ म्हणाला, बघू. "बघू काय बघू. मी येतो."

चार महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली. या वेळी बेचाळीसच्या बेचाळीस दिवस. पाचव्या दिवशी नळ्या काढल्या आणि भाऊ खोलीवर आला. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, काही उचलायचं नाही, भांडंसुद्धा नाही. बाबांनी कोपऱ्यात सतरंजी टाकली. पेज करून घालायचे, शर्टाची बटणं लावायचे, केस विंचरून द्यायचे. सिगारेटची तलफ आली की तीन मजले उतरून, रस्ता ओलांडून, पार कोपऱ्यावर जायचे. परत आल्यावर मोरीत तोंड धुवायचे, शर्ट बदलायचे आणि मगच खोलीत पाऊल टाकायचे. गुडघे दोन्ही कामातून गेलेले. दिवसातून सहा वेळा हा उपद्व्याप. भाऊ म्हणायचा, बाबा, दारातच ओढा हो. ते ऐकायचे नाहीत.

पट्टी बदलायचं काम मात्र त्यांना जमेना. भाऊ स्वतः आरशात बघून औषध लावायचा आणि बाबा भिंतीकडे तोंड करून कापूस, चिकटपट्टी असं एकेक मागे हात करून द्यायचे. मुलीच्या उघड्या अंगाकडे बघू नये, असं चौतीस वर्षं अंगात मुरलेलं. ते एका सिगारेटने कुठून जाणार? भाऊला ते लागायचं.

बाराव्या दिवशी डावीकडचा तुकडा काळा दिसला. चांगला काळाकुट्ट. "बाबा," तो म्हणाला, "हे गेलं बहुतेक." भिंतीकडे तोंड केलेले बाबा हलले नाहीत. दवाखान्यात फोन लावला, तर नर्स म्हणाली, वरची खपली काळी पडतेच, खालचं जिवंत आहे की नाही ते ती सुटल्यावर कळेल, ओढू नका, वाट बघा.

त्या दिवसापासून बाबा खाली गेले नाहीत. कपड्यांतून, श्वासातून आपणच धूर वर आणला, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं. पाकीट पिशवीत टाकलं, पिशवी खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीकडे ठेवायला दिली आणि खिडकीशी बसून राहिले. जेवण जायचं नाही, रागाने भांडी आपटायचे. भाऊला कळत होतं ते काय आहे. त्याने स्वतःचे वेलदोडे त्यांच्यापुढे ठेवले. बाबांनी एक उचलला.

नऊ दिवस असे गेले. एकविसाव्या दिवशी सकाळी पट्टी काढताना खपली तिच्याबरोबरच सुटून आली. भाऊची मान वळवून बघायची हिंमत होईना. आरशाकडेही त्याने बघितलं नाही. डोळे मिटून तो खाटेच्या कडेवर बसून राहिला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही बघा."

बाबांची पाठ त्याच्याकडे होती. मग चष्म्याची डबी उघडल्याचं ऐकू आलं, मग त्यांचे ते घासत चालणारे पाय. ते समोर येऊन उभे राहिले, खाटेला धरून मोठ्या कष्टाने गुडघ्यावर खाली बसले. त्यांचा श्वास भाऊच्या छातीला लागत होता. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे. इतका वेळ लावला की भाऊला मिटलेल्या डोळ्यांआड रडू फुटलं.

"गुलाबी आहे," बाबा म्हणाले. "दोन्हीकडे. जिवंत आहे रे, पोरा."

आणि ते तिथेच, जमिनीवर, भाऊच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडायला लागले. भाऊला हात वर करायची मनाई होती, म्हणून त्याने नुसता तळहात त्यांच्या पाठीवर ठेवला.