व्हिलनची धून

नळ गळायला लागल्याशिवाय प्लंबरची आठवण कुणाला होत नाही, ही जगाची रीत. ट्रंपेटकाकांची गोष्ट मात्र निराळी होती. सोमवार ते शनिवार ते दुसऱ्यांच्या सिंकखाली मान घालून पडलेले असत, पण रविवारी स्टेडियमच्या पूर्वेकडच्या स्टँडमध्ये ते उभे राहिले, की चार हजार माणसं गप्प होऊन त्यांच्या गालांकडे बघत. गाल फुगले, की लोकांनी ओळखावं, आता काहीतरी होणार.

फुटबॉल काकांचा आणि हिंदी सिनेमा काकूंचा. लग्नानंतरची पहिली काही वर्षं या दोन धर्मांचं अजिबात जमलं नाही. रविवारी काकूंना मॅटिनी हवी असे, काकांना मॅच. शेवटी काकूंनीच तोडगा काढला. "तुमचे ते बावीस जण नुसते पळत असतात, कोण हिरो, कोण व्हिलन, काही कळत नाही," असं म्हणून त्यांनी घरबसल्या क्लबच्या प्रत्येक खेळाडूला सिनेमातली एकेक धून वाटून दिली, काकांनी ट्रंपेटवर वाजवायला. स्ट्रायकरला हिरोच्या एन्ट्रीची धून. जखमी होऊन बाहेर जाणाऱ्याला ताटातुटीची. आणि समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला, की व्हिलन जिना उतरताना वाजते तसली, खर्जातली, पोटात गोळा आणणारी. ती ऐकली, की आपल्या बचावफळीचे कान टवकारत. सेंटर-बॅक तर त्या धुनीवरच वाढला होता. संघात सगळ्यांत वयस्कर म्हणून त्याला सगळे 'आजोबा' म्हणत, आणि इतक्या वर्षांत ती धून वाजली आणि आजोबाने उंच उडी मारून डोक्याने चेंडू लांब भिरकावला नाही, असं क्वचितच झालं असेल.

काकू स्वतः मात्र स्टेडियमवर कधी गेल्या नाहीत. "म्युझिक डायरेक्टर शूटिंगला जातो का?" असं विचारत.

त्या वर्षी क्लब कित्येक वर्षांनी फायनलला पोचला, आणि नेमका तिथेच घोळ झाला. सेमीफायनलच्या शेवटच्या गोलला काका जीव तोडून फुंकत असताना शेजारी उभा असलेला त्यांचा मेहुणा आनंदाने उडाला. त्याचं कोपर ट्रंपेटवर, ट्रंपेट काकांच्या तोंडावर, आणि समोरचे वरचे दोन दात थेट पुढच्या रांगेत. मेहुण्याने ते शोधून रुमालात बांधून आणले, जसं काही ते परत चिकटवता येणार होते.

"जखम भरल्याशिवाय नवे दात नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि ओठांच्या मधोमध ते पितळ टेकवायचं नाही."

"पण फायनल आहे हो."

"मला माहीत आहे. मी नदीपलीकडच्या क्लबची आहे," बाई गोड हसून म्हणाल्या. फायनल त्यांच्याच क्लबशी होती.

काका घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांना खरंच रडू येत होतं. ट्रंपेट नसेल तर आपण कोण? वॉशर बदलणारा एक माणूस. रविवारची ती चार हजार माणसं आपली राहणार नाहीत, हे त्यांना दातांपेक्षा जास्त दुखत होतं. काकूंनी त्यांना खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं. मग म्हणाल्या, "मधोमध नाही म्हणाल्या ना? मग कोपऱ्यातून वाजवा. जन्मभर माझ्या भाजीला तोंड वाकडं केलंत, आता त्या सरावाचा काही उपयोग तरी होऊ दे."

त्या दिवसापासून काकांनी एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत पाइप बसवता बसवता सराव सुरू केला. रिकाम्या खोल्यांत आधी नुसतं फुस्स व्हायचं. गवंडी विचारायचे, "काका, लाइन लीक आहे का?" हळूहळू सूर लागला, पण फक्त खालचा. वर चढायला गेलं, की हवा दातांच्या खिंडीतून पळून जाई. हिरोची एन्ट्री निघेना, ताटातूट निघेना. निघत होती एकच धून, व्हिलनची.

फायनलला काकू पहिल्यांदाच स्टेडियमवर आल्या. नवऱ्याची अब्रू जाणार असेल, तर ती आपल्यासमोर जावी, असा त्यांचा हिशेब होता.

स्ट्रायकर मैदानात आला, लोकांनी माना वळवल्या, काका गप्प. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काका संपले वाटतं." काकूंनी ऐकलं आणि त्या माणसाच्या टकलाकडे अशा काही बघत राहिल्या, की तो पुन्हा बोलला नाही. पलीकडच्यांना कॉर्नर मिळाला तेव्हा मात्र काकांनी ट्रंपेट ओठांच्या कडेला लावलं आणि खर्जातली धून घुमली. आजोबाने चेंडू उडवला. पुन्हा कॉर्नर, पुन्हा धून, पुन्हा आजोबा. पण आपला हल्ला आला, की स्टँड मुका. मॅच गोलशून्य अशीच रखडत शेवटाला आली.

आणि शेवटच्या क्षणी आपल्याला कॉर्नर मिळाला. हेडिंगसाठी आजोबालाही पुढे बोलावलं होतं. चार हजार माणसं काकांकडे वळली.

"वाजवा ना!" काकूंनी दंड धरला.

"काय वाजवू? हिरोची निघत नाही."

"निघते ती वाजवा! माणसं वाट बघतायत."

काकांनी डोळे मिटले आणि फुंकलं.

"भावजी, ही त्यांची धून आहे!" मेहुणा किंचाळला. पण तोवर चेंडू हवेत होता, आणि गर्दीच्या मधोमध उभ्या आजोबाच्या कानात व्हिलन जिना उतरत होता. आपण कुठल्या गोलसमोर उभे आहोत, हे तो पार विसरला. संकट आलंय आणि चेंडू लांब घालवायचाय, एवढंच त्याला कळलं. सगळ्यांच्या वर उठून त्याने अख्ख्या कारकिर्दीचा जोर लावून डोकं मारलं. चेंडू आडव्या दांड्याखालून जाळीत घुसला. आजोबा मात्र मागेही न बघता आपल्या गोलकडे, जागा धरायला, पळत सुटला. संघाने त्याला अर्ध्या मैदानात गाठून खाली पाडलं.

तो स्टँड त्या दिवशी पडला कसा नाही, याचं श्रेय बांधणाऱ्याला. मेहुणा या वेळी काकांपासून दोन हात लांब जाऊन नाचला.

कप घेऊन आजोबा कठड्यापाशी आला. "काका, आईशप्पथ, गोल मारायचा विचारसुद्धा नव्हता. तुमची धून ऐकली आणि घाबरलो."

"असंच घाबरत जा रे," काकू म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि ते लपवतही नव्हत्या.

पुढच्या मोसमात काका नवे, पांढरेशुभ्र दात घेऊन आले. स्ट्रायकर मैदानात उतरला, आणि काकांनी हिरोची एन्ट्री इतकी सुरेख, इतकी चढी वाजवली, की त्यांना स्वतःलाच भरून आलं. लोकांनी टाळ्या दिल्या, पण पाहुण्याला द्याव्यात तशा. मग वरच्या रांगेतून हाक आली, "काका, व्हिलन!" बघता बघता सगळा स्टँड तेच ओरडू लागला, आणि सगळ्यांच्या वरचा आवाज काकूंचा होता.

काकांनी ट्रंपेट सावकाश ओठांच्या कोपऱ्यात सरकवलं. खाली मैदानात आजोबाचे कान टवकारले.