तिच्या नावाची पत्रं

वर्तमानपत्रात माझी पन्नासेक पत्रं छापून आली, पण एकाखालीही माझं नाव नव्हतं. मी प्राथमिक शाळेत मास्तर. सरकारी नोकरानं परवानगीशिवाय पेपरात तक्रारी लिहायच्या नाहीत असा नियम होता. मी नियमानं चालणारा माणूस, म्हणून पत्रं बायकोच्या नावानं पाठवायचो. आमच्या तालुक्यात नियम असाच पाळत. कुणी मेव्हण्याच्या नावानं लिही, कुणी सासऱ्याच्या. एका मास्तरांचे सासरे वारल्यानंतरही वर्षभर पत्रं लिहीत होते.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही भोरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. रविवारी जेवणं झाली की मी खुर्चीत बसून सांगायचो आणि बायको खाली बसून, मांडीवर पाट घेऊन लिहायची. सही तिची म्हणजे अक्षरही तिचंच हवं, ही माझी खबरदारी. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून. वेल्ह्याकडच्या रस्त्याचे खड्डे, सारोळ्याच्या पुलाजवळ उन्हात उभी राहणारी माणसं, पासलीच्या बाजूला पावसाळाभर मुका होणारा टेलिफोन, असे विषय. माझी भाषा जोरकस. ‘झोपलेल्या प्रशासनाला जाग येणार कधी?’ हे वाक्य मी निदान दहा पत्रांत वापरलं असेल. एकदा ती लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, “अहो, मागच्या महिन्यातच जागं केलं होतं ना त्याला?” मी म्हटलं, तू लिही.

स्टँडवर पेपर विकणारे एक चाचा होते. पत्र छापून आलं की पेपराची घडी त्या पानावर करून ठेवायचे आणि मी दिसलो की लांबूनच म्हणायचे, “गुरुजी, वहिनींचं आलंय बघा.” म्हणताना डोळा बारीक करायचे. पत्रं खरी कुणाची हे स्टँडला माहीत होतं, शाळांना माहीत होतं, शिक्षण खात्याच्या कचेरीतल्या साहेबांनाही माहीत होतं. तरी नाव तिचं होतं, म्हणून सगळं ठीक होतं. मला त्यात मजा वाटायची. आपलं नाव नसताना आपला गवगवा व्हावा यात एक वेगळाच दिमाख असतो, तो मी पुरेपूर भोगला.

ज्यांना हे गुपित माहीत नव्हतं ती माणसं म्हणजे डोंगराकडच्या बाया. त्यांनी पत्राखालचं नाव वाचलं किंवा वाचून घेतलं आणि ते खरं मानलं. बाजाराच्या दिवशी त्या घर शोधत यायला लागल्या. हिर्डोशीकडची एक बाई दारातच टोपली उतरवून म्हणाली, “तुमीच का त्या पेपरात लिवनाऱ्या? आमच्या वाडीला यस्टी येत न्हाई बगा. आमी कुठं जायाचं सांगा.” मी घरात होतो. मला वाटलं, बायको आता माझ्याकडे बोट दाखवील. तिनं बाईला पाणी दिलं, समोर बसली आणि विचारलं, “गाडी कुठवर येते? तिथून घर किती लांब?” अर्धा तास ती नुसती विचारत होती. मी एवढी पत्रं लिहिली, पण कुणाला असं विचारल्याचं मला आठवत नाही. मी आपला एसटीच्या खिडकीतल्या सीटवरून बघून लिहायचो.

त्या बाया रिकाम्या हातानं येत नसत. भाताच्या बियाण्यातले मूठभर दाणे पदराच्या गाठीत बांधून आणायच्या. “आमच्या खाचरातला रायभोग हाय, लई वास सुटतो.” बायको सारोळ्याच्या बाजूची, उसाच्या आणि ज्वारीच्या गावात वाढलेली. डोंगरातल्या भाताची तिला अपूर्वाई. ते दाणे शिजवायला थोडे म्हणून तिनं रिकाम्या काड्यापेट्यांत भरून ठेवायला सुरुवात केली. आंबेमोहर, काळभात, तांबसाळ. वर चिठ्ठी चिकटवून गावाचं आणि देणारीचं नाव. मी त्याला तिचं पोस्टाचं तिकीट जमवणं म्हणायचो. ती म्हणायची, तिकिटं उगवत नाहीत.

पुढे मी मुख्याध्यापक झालो आणि हिर्डोशीच्याही पुढच्या एका गावात बदली झाली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं पाऊस असा की जूनमध्ये वाळत घातलेला सदरा ऑगस्टमध्ये वाळावा. शाळेचं छप्पर जुनं, पन्हाळी लागल्यासारखं सगळीकडून गळायचं. हजेरीपटांना बुरशी, मुलांना महिन्याला वाटायच्या तांदळाला बुरशी. आवारात पक्क्या स्लॅबचं बांधकाम एकच होतं, ते म्हणजे मुलींसाठी नव्यानं बांधलेलं स्वच्छतागृह. वापरायला अजून सुरुवात झाली नव्हती. मी पोती आणि दप्तर तिथं हलवलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. त्या वर्षी तांदळाचा एक दाणा खराब झाला नाही. मला त्याचा अभिमान होता, हे सांगितलं पाहिजे.

पंधरा ऑगस्टच्या झेंड्याला ती माझ्याबरोबर आली. झेंडा झाला, गोळ्या वाटल्या. ती मुलींशी बोलत उभी होती. मग माझ्याकडे आली आणि किल्ली मागितली. मी स्वतःच दार उघडून दाखवलं. पोती नीट रचलेली, हजेरीपट वर्षवार. “बघ, कोरडं ठणठणीत.” तिनं पोत्यात हात घालून तांदूळ घेतला, तळहातावर पाहिला आणि परत टाकला. परतीच्या गाडीत वरंध्याकडून धुकं उतरत होतं. तिनं विचारलं, “पहिलीत मुली किती?”

“अकरा.”

“आणि सातवीत?”

“तीन. इकडं मुलींना लवकर काढतात गं शाळेतून. भातलावणी, लहान भावंडं. मग लग्नं.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, गाडी लागली असेल.

दोनेक आठवड्यांनी चाचांनी हाक मारली, “गुरुजी, वहिनींचं आलंय बघा.” मी हसत म्हटलं, आत्ता तर मी काही पाठवलं नाही. चाचांनी डोळा बारीक केला आणि पेपर हातात दिला.

पत्र लहान होतं. गावाचं नाव होतं. ‘शाळेत मुलींसाठी बांधलेलं स्वच्छतागृह आहे. त्यात तांदूळ राहतो. मुली बांधापलीकडे जातात. मोठ्या मुलींना तिथे जायची लाज वाटते, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग शाळेतच येत नाहीत. तांदूळ भिजू नये हे खरं आहे. पण तो दुसरीकडे ठेवता येतो. मुलींना दुसरीकडे कुठे ठेवणार?’ खाली तिचं नाव. प्रशासनाला जागं वगैरे करायचं काही नव्हतं. इतकं चांगलं पत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं, हे मला स्टँडवर उभ्या उभ्या कळलं, आणि त्याच वेळी रागानं कानशिलं तापली.

घरी येऊन मी पेपर तिच्यापुढे टाकला. “मला विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं, आणि मी ते लिहिलं असतं,” ती म्हणाली.

आठवड्यात कचेरीतून बोलावणं आलं. मी खुलासा लिहून नेला होता. साहेबांनी तो वाचलाच नाही. ते हसत होते. “गुरुजी, काय डोकं चालवलंत! स्वतःच्याच शाळेवर पत्र! छपरासाठी अर्ज करून करून थकलात, म्हणून स्वतःच्या अंगावर घेतलंत ना? हिंमत लागते याला.” मी म्हणालो, पत्र माझ्या मिसेसचं आहे. साहेब आणखी मोठ्यानं हसले. “हो हो, वहिनींचंच. आम्ही कुठं काय म्हणतोय?”

मी आणखी एकदा तरी सांगायला हवं होतं. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून एक खोटं पोसलं होतं, आता खरं सांगितलं तर कोण ऐकणार, असं मी मनाशी म्हटलं. पण खरं कारण ते नव्हतं. साहेबांनी हिंमत म्हटलं होतं, आणि ते ऐकायला मला बरं वाटत होतं.

छपराचे पत्रे महिन्यात आले. मी पोती हलवली, कुलूप काढलं. पुढच्या महिन्यात आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची बैठक होती. तिथं साहेबांनी मला पुढे बोलावून शाल आणि नारळ दिला. आत्मपरीक्षण करणारा मुख्याध्यापक, असं काहीसं बोलले. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून घेतलं. सगळ्यांना तो विनय वाटला.

शाल घेऊन मी घरी आलो. तिनं ती हातात घेतली, पोत पाहिला, घडी घातली. मग शांतपणे म्हणाली, “इतकी वर्षं माझं नाव वापरलंत, मी कधी काही म्हटलं नाही. त्यात एकच पत्र माझं होतं. तेही घेतलंत.”

ती रडली असती, भांडली असती तर मी समजूत काढली असती. तिनं शाल ट्रंकेत तळाशी ठेवली आणि भात टाकायला गेली. त्यानंतर रविवारी मी खुर्चीत बसलो की ती काहीतरी काम काढायची. मीही सांगेनासा झालो. डोंगराकडच्या बाया येत राहिल्या, ती ऐकून घ्यायची, अर्ज कुणाकडे करायचा ते सांगायची. पेपरात मात्र तिनं पुन्हा एक ओळ लिहिली नाही. काड्यापेट्या वाढत गेल्या. थंडीच्या दिवसांत मी एकदा ट्रंकेकडे पाहिलं तर म्हणाली, “ती शाल या घरात वापरायची नाही.”

दहाएक वर्षं अशी गेली. मी निवृत्त झालो. तोवर चाचांनी पेपरच्या टपरीमागं एक खोली घेऊन तीन कॉम्प्युटर टाकले होते. पुण्याला नोकरीला लागलेली आमची मुलगी सुट्टीला आली आणि तिनं आईला ब्लॉग काढून दिला. भातांच्या वाणांवर. काड्यापेट्यांचे फोटो मोबाईलवर तिनंच काढले. मुलगी गेल्यावर प्रश्न आला टाइप कोण करणार. मराठी टंकन मी निवृत्तीनंतर हौसेनं शिकलो होतो. म्हणून दर गुरुवारी आम्ही दोघं चाचांच्या खोलीत जायला लागलो. ती शेजारच्या खुर्चीत बसून सांगायची आणि मी लिहायचो. एकदा मी तिच्या वाक्यात ‘सुगंधाची उधळण’ घातली. ती म्हणाली, “वास येतो, एवढंच लिहा.” मी खोडलं.

वाचणारे थोडे होते. पुण्या-मुंबईला गेलेली इकडचीच माणसं. आमच्या आजीकडे हा तांदूळ असायचा, असं लिहायची. एका गुरुवारी ती पर्समधून पेपराचं पिवळं पडलेलं कात्रण घेऊन आली. “आज हे घाला.” ते पत्र होतं. मी अक्षर न् अक्षर टाइप केलं. खाली काय लिहायचं, मी विचारलं. तिनं सांगितलं, “हे पत्र माझं आहे. ते लिहिलं तेव्हा माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं.” मी तेही टाइप केलं.

पुढच्या गुरुवारी त्याखाली एक प्रतिक्रिया होती. त्या शाळेतल्या एका मुलीची. ती आता पुण्यात नर्स होती. तिनं लिहिलं होतं: ‘कुलूप निघालं तेव्हा मी पाचवीत होते. त्यामुळे सातवीपर्यंत शिकले आणि मग पुढेही. वहिनींच्या नावानं गुरुजीच लिहायचे हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. गुरुजी, तुमचे उपकार विसरणार नाही.’

मी ते मोठ्यानं वाचलं. शेवटचं वाक्यही वाचलं. तिनं डोळे पुसले. मला वाटतं मुलगी नर्स झाल्याचे ते होते. मग खुर्ची मागं सरकवून म्हणाली, “चला, गाडी जाईल.” आम्ही तेव्हा स्टँडच्या मागंच राहत होतो. आम्हाला कुठल्याच गाडीनं जायचं नव्हतं.

मी म्हटलं, थांब जरा. उत्तराच्या चौकटीत आधी नाव विचारतात. तिथं मी माझं नाव टाइप केलं, सगळं, आडनावासकट. छापील अक्षरांत ते लिहायची माझी पहिलीच वेळ. मग लिहिलं: ‘बाळ, पत्र तिचंच आहे. मी या ब्लॉगचा टायपिस्ट आहे. कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती.’ शाल घेतल्याचंही लिहिलं. बटण दाबायच्या आधी तिला वाचून दाखवलं. ती ऐकत होती. काही सुधारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन आलो तर तिनं अंगणात काड्यापेट्या उघडून उन्हात मांडल्या होत्या. वर्षातून एकदा ती दाण्यांना ऊन दाखवायची. दर वर्षी खाली जुनं पातळ असायचं. या वेळी शाल अंथरली होती.