हजारात पस्तीस

आमच्या ह्यांचा कुणावर विश्वास नाही. दूधवाला पाणी घालतो, शिंपी कापड उरवतो, आणि लिफ्ट म्हणे ह्यांनाच बघून बंद पडते. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघतील आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन चौथ्यांदा परत येतील. लग्नाला चौतीस वर्षं झाली, मी छत्री घेऊन जिन्यात उभी राहायला शिकले. एकच गोष्ट ते डोळे मिटून करतात. माझ्या हातचं जेवतात.

समुद्राकाठच्या संशोधन केंद्रात ह्यांची नोकरी. काम काय, तर सिमेंटच्या बारा टाक्या सांभाळायच्या. टाक्यांत समुद्राचं पाणी आणि त्यात समुद्री गवत. चुकून मी एकदा शेवाळ म्हणाले तर दोन दिवस घुश्शात होते. त्याला मुळं असतात, ते पाण्याखाली फुलतं, शेवाळाला काय फुलं येतात का, असं सगळं ऐकवलं. खाडीतलं गवत गाळ उपसताना नष्ट झालं होतं, ते परत लावायचं म्हणून ही रोपं वाढवायची.

ह्या गवताचं सगळं गणित मिठाचं. समुद्राच्या पाण्यात हजारात पस्तीस भाग मीठ, म्हणजे लिटरला पस्तीस ग्रॅम. उन्हानं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, पाणी जास्त खारट होतं. मग मोजून गोडं पाणी घालायचं. हे मोजायला मीटर आहे, पण आमचे हे पाण्यात बोट बुडवणार, जिभेला लावणार, थुंकणार आणि आकडा सांगणार. सुरुवातीला साहेबलोक ताडून बघायचे. एकाच्या वर फरक कधी पडला नाही. तेव्हापासून केंद्रात ह्यांचं नावच 'मीटर' पडलं, आणि खरं मीटर कपाटात गेलं.

जेवताना हे मला गवताचं आतलं सांगायचे. पाणी फार गोडं झालं की पानाच्या पेशी फुगतात, पान मऊ पडतं. फार खारट झालं की पानातलं पाणी ओढलं जातं, मग ते आत साखर साठवून पाणी धरून ठेवतं.

"हळूहळू बदललं तर आतल्या आत जमवून घेतं बिचारं," म्हणायचे, "एकदम बदललं की सडतं."

मी ऐकून ठेवलं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी ह्यांचा रक्तदाब बघून मीठ निम्मं करायला सांगितलं. हे म्हणाले, डॉक्टरची आणि औषधवाल्याची मिलीभगत आहे. गोळ्या घेतल्या तर घेतल्या, नाही तर खिडकीत. भांडून माझा घसा बसला. मग मनात म्हटलं, थांबा, तुमच्या गवताचाच प्रयोग तुमच्यावर करते. दर आठवड्याला चिमूटभर मीठ कमी. पाच महिन्यांत निम्म्यावर आणलं, आणि ह्यांनी हूं की चूं केलं नाही. मी आपली स्वयंपाकघरात माझ्या ताटात वरून मीठ घालून घेत होते. रक्तदाब उतरला तेव्हा ह्यांनी श्रेय सकाळच्या फिरण्याला दिलं. मी गालातल्या गालात हसले. इतकी शहाणी समजत होते मी स्वतःला.

त्यानंतर उन्हाळ्यात गवत बिघडलं. आधी जुनी पानं गळली, मग बुंधे मऊ आणि तपकिरी झाले. एक टाकी, तीन टाक्या, सात टाक्या. रोजच्या वहीत ह्यांच्या अक्षरात पस्तीस, पस्तीस, पस्तीस. केंद्राच्या प्रमुख मॅडमनी कपाटातलं मीटर काढून लावलं, तर ते म्हणतंय बावीस.

झालं. संशयाला नुसतं दार उघडं हवं होतं. हे घरी येऊन म्हणाले, "नक्की कुठंतरी पाणी मुरतंय. कुणीतरी मीटर बिघडवलंय, आणि टाक्यांत काहीतरी टाकतंय."

कुणीतरी म्हणजे पंपवाला. गोड्या पाण्याची चावी त्याच्या ताब्यात. अकरा वर्षं दोघं एका डब्यात जेवत आलेले, पण हे आता त्याला पाण्यात पाहायला लागले. टाक्यांना खडूच्या खुणा केल्या. चावीला काळा दोरा बांधला. सकाळी दोरा जसाच्या तसा. मी म्हटलं, बघा, सुटला बिचारा. तर म्हणाले, चावी फिरवून झाली की तो परत बांधून ठेवतो, हुशार आहे.

मॅडमनी सोमवारी चौकशी ठेवली. हे रविवारी सकाळी तक्रार लिहायला बसले. पंपवाला कंत्राटावर, घरात दोन शिकत्या मुली. ही तक्रार गेली की त्याची नोकरी त्याच दिवशी गेली असती. आणि तक्रार नाही गेली तर दोष ह्यांच्यावर येऊन ह्यांना टाक्यांवरून काढून फाटकावर बसवलं असतं, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना. मी भाजी चिरत होते. हे पुरावे मोठ्यांदा वाचत होते. पहिला, चावी. दुसरा, नजर चुकवतो. तिसरा वाचला आणि माझा हात थांबला.

"चार महिने झाले, माझ्या डब्यातला घास घेत नाही. पोट भरलंय म्हणतो. खाल्ल्या मिठाला जागायला नको म्हणूनच ना?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या बापड्याला डबा अळणी लागत होता. तोंडावर बोलवत नव्हतं, म्हणून पोट भरलंय म्हणायचा.

मी उठले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पस्तीस ग्रॅम मीठ मोजलं, लिटरभर पाण्यात ढवळलं आणि भांडं ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. आकडा सांगा म्हटलं. ह्यांनी बोट बुडवलं, चाखलं, तोंड वाकडं केलं. म्हणाले, पन्नासच्या पुढे. एवढ्यात गवत मरेल.

"पस्तीस आहे," मी म्हटलं. "काटा बघा. मीठ मीच मोजलंय."

मग सगळं सांगून टाकलं. चिमूट चिमूट कमी केलं ते, वरून घालून घेतलं ते. कमी मिठाला सरावलेल्या जिभेला बावीससुद्धा पस्तीस लागायला लागलं होतं. टाकी खारट लागली की हे गोडं पाणी घालत गेले. गवतानं जमेल तितकं जमवून घेतलं, आणि हद्द झाली तेव्हा पानं टाकली. सांगताना मला रडू फुटलं. इतका वेळ पंपवाल्याबद्दल ऐकून घेत मी भाजी चिरत बसले होते, ह्याची लाज जास्त वाटत होती.

हे ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. भांड्यात परत बोट बुडवून चाखलं.

"सगळ्यांवर संशय घेतला मी," म्हणाले. "दोऱ्यावर घेतला. तुझं नाव मनातसुद्धा आलं नाही."

सोमवारी तक्रार गेली नाही. ह्यांनी मॅडमना सांगितलं, "जीभ चुकली, वही जिभेनं भरली, दोष माझा." माझं नाव घेतलं नाही. फाटकावर नाही पाठवलं, पण आता आकडा पंपवाला मीटरवर वाचतो आणि हे फक्त लिहून घेतात. 'मीटर' म्हणून कुणी हाक मारत नाही. टाक्यांत मीठ एकदम वाढवायचं नव्हतं, रोज एक भाग चढवत दोन आठवड्यांनी पस्तीसवर आणलं. पाच टाक्या गेल्याच. उरलेल्यांत बुंध्याशी बोटभर हिरवं दिसायला लागलंय, असं पंपवाल्यानं मला सांगितलं. ह्यांनी नाही.

मीठ अजून निम्मंच घालते, आता सांगून. ताट वाढलं की हे विचारतात, आज किती. मी खरं ते सांगते. हे मान डोलावतात, हात पुढे करतात आणि आधी माझ्या ताटातला एक घास उचलून चाखून बघतात.