सरांच्या कॉम्प्युटरवरच्या की

"अहो, बालवाडी उघडलीय का इथं?"

सर माझ्या खुर्चीमागं उभे होते. माझ्या की-बोर्डवर मी कागदाच्या बारीक चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. कुठली की दाबली की काय होतं, ते मराठीत लिहून. काप. सरक. मागे. सरांनी वाकून नखानं एकेक चिठ्ठी काढली. 'काप' मोठ्यांदा वाचली. 'सरक' वाचली. सगळी खोली हसली. मग त्या चिठ्ठ्या त्यांनी माझ्या तळहातावर ठेवल्या, प्रसाद द्यावा तशा. मी मूठ मिटून बसून राहिले.

खराडीतल्या त्या कंपनीत मला लागून आठच दिवस झाले होते. मोठ्या कंपन्यांसाठी ट्रेनिंगचे व्हिडिओ तिथं बनत. मी एडिटर. तीन महिने प्रोबेशन, मग आमचे विभागप्रमुख म्हणून सर लिहून देणार, मग पक्की नोकरी. घरात पक्की नोकरी कुणालाच नव्हती. वडील यवतमाळकडून पुण्यात आले ते बांधकामावर. कॉम्प्युटरला हात लावणारी घरातली मी पहिली.

त्याआधी सहा वर्षं मी विश्रांतवाडीतल्या एका स्टुडिओत होते. लग्नं, साखरपुडे, बारशी आणि आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुका. मला एडिटिंग कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकले. गाणं चालू असताना ठेक्यावर C दाबायची, चित्र तिथल्या तिथं कापलं जायचं. की-बोर्डकडे बघावंसुद्धा लागायचं नाही. मला त्याचा गर्व होता. अजून आहे.

खराडीत एडिटिंगचा प्रोग्राम वेगळा. तिथं C दाबलं की कापलं जात नाही, नुसतं हातात ब्लेड येतं. ते ब्लेड खाली ठेवायला V दाबावं लागतं. विसरलात, तर पुढं जिथं जिथं क्लिक कराल तिथं तिथं तुकडा. माझं बोट जुन्या सवयीनं C मारायचं, मी पुढं जायची, आणि दुपारी बघावं तर अख्खा व्हिडिओ कोथिंबिरीसारखा चिरलेला. डोक्याला कळत होतं. बोटांना कळत नव्हतं. सहा वर्षं ज्या हातांवर पोट भरलं, तेच हात ऐनवेळी परके झाले होते.

मग मला कळलं की सेटिंगमध्ये जाऊन आपल्या जुन्या की लावून घेता येतात. प्रोग्रामनंच ती सोय दिलीय. मी सरांना विचारलं.

"इथं स्टँडर्ड की-बोर्ड चालतो," सर म्हणाले. "जयंतीचा डीजे नाही हा."

अर्जासोबत दिलेल्या माझ्या कामात एक मिरवणूक होती, ती त्यांनी पाहिली होती. आडनाव तर पहिल्याच दिवशी दोनदा विचारून घेतलं होतं. मी मूग गिळून जागेवर आले. त्याची लाज मला आजही वाटते.

पण शिकले. विश्रांतवाडीहून खराडीला जाताना बसमध्ये मांडीवर डबा घेऊन त्याच्या झाकणावर बोटं चालवायची. C, मग V. C, मग V. शेजारच्या बायका बघायच्या. दोन महिन्यांत बोटं वळली.

तिसऱ्या महिन्यात क्लायंटकडून दोघं जण आले. त्यांच्यासमोर बसून बदल करायचे होते. मोठा स्क्रीन सरांच्या टेबलावर.

"बसा तुम्ही," सर मला म्हणाले. "बघू तरी काय शिकलात."

मी बसले. C दाबलं. ब्लेड आलंच नाही, चित्राभोवती भलतीच चौकट आली. V दाबलं, चौकट जाईना. परत C. परत तेच. दोन महिन्यांत मला काहीच आलं नाही, असं मला स्वतःलाच वाटायला लागलं.

"सॉरी हं," सर क्लायंटला म्हणाले. "नवीन आहेत. की-बोर्ड अजून शोधतायत."

माझ्या हाताखालून त्यांनी की-बोर्ड ओढून घेतला आणि मिनिटभरात काम संपवलं. मी बाजूला उभी राहून त्यांची बोटं बघत होते. कापताना त्यांनी C दाबलं नाही. B दाबलं.

क्लायंटला सोडायला सर लिफ्टपर्यंत गेले. मी त्यांच्या कॉम्प्युटरवरचं की-बोर्डचं सेटिंग उघडलं. वर नाव होतं तिसऱ्याच एका प्रोग्रामचं. परदेशात शिकताना सर ज्यावर काम करायचे, त्याचं. स्टँडर्ड म्हणून मला जे घोकायला लावलं, ते त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर नव्हतंच. त्यांनी आपल्या जुन्या की जशाच्या तशा लावून घेतल्या होत्या. आणि कुणी हसलं नव्हतं.

मला राग यायला हवा होता. आधी रडूच आलं. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

दोन दिवसांनी एचआरच्या मॅडमनी बोलावलं. समोर इंग्रजी कागद. 'प्राथमिक कौशल्यं शिकण्यात कमी पडल्या, प्रोबेशन तीन महिने वाढवावं.' खाली सरांची सही. शेजारी माझ्या सहीची जागा रिकामी.

मी म्हणाले, "मॅडम, सरांच्या कॉम्प्युटरवर की-बोर्ड कुठला लावलाय, तो आधी बघून या."

"अहो, ते सीनिअर आहेत. त्यांना ती सवय आहे."

"माझीपण सवयच होती, मॅडम."

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "फॉर्मॅलिटी आहे हो. सही केलीत तर नोकरी राहील."

घर डोळ्यांसमोर होतं. सही करावी असं एकदा नव्हे, तीनदा वाटलं. मी पेन उचललं नाही. कागद उलटा करून त्यांच्याकडे ढकलला आणि जागेवर येऊन उरलेला व्हिडिओ पुरा केला. C, मग V. एक तुकडा चुकला नाही.

आठवड्याच्या आत मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी काहीही करू शकले नाही. सर अजून तिथंच आहेत.

माझं चुकलं तर मी चुकलं म्हणेन, दहा जणांत म्हणेन. नवीन प्रोग्राम आला तर पहिल्या कीपासून शिकेन. पण मला शिकता येत नाही, असं लिहिलेल्या कागदावर माझी सही कुणालाही मिळणार नाही.